जलाशयाच्या कांठचें घर: ओटा, चौक आणि परसू

(१)

गेल्या चैत्रांत माझा एक जुना विद्यार्थी जठारपेठेंतील आमच्या घरीं आला. बगलेंत नकाशाची गुंडाळी होती. एका जलाशयाच्या कांठीं त्यानें जमीन घेतली असून तेथें राहतें घर बांधण्याचा त्याचा बेत आहे. नकाशांत घराच्या पुढें पाण्यावर आलेला फळ्यांचा सज्जा, त्याच्या मागें फरसबंद मोकळी बैठक, आणि भोंवतीं थेट पाण्यापर्यंत उतरत गेलेली हिरवळ दाखविली होती. पहिल्या दोहोंस ‘डेक’ व ‘पॅटिओ’ अशीं नांवें घातलीं होतीं. त्यानें मला दोन प्रश्न विचारले. आपल्या पूर्वजांनीं पाण्याकांठीं घरें बांधलीं तेव्हां असें कांहीं केलें होतें काय, आणि केलें असल्यास त्यास ते काय म्हणत, हा पहिला. दुसरा प्रश्न त्याच्या मूळ गांवच्या वाड्याविषयीं होता. त्याचा उल्लेख शेवटीं येईल. पहिल्याचें उत्तर तोंडीं देऊं लागलों तों तें एका बैठकींत मावेना. म्हणून तें टिपून काढलें, आणि त्रैमासिकाच्या वाचकांस त्यांत कांहीं ग्राह्य वाटेल या आशेनें येथें सादर करीत आहें.

(२)

प्रथम ग्रंथांचा पुरावा पाहूं. वात्स्यायनानें नागरकाच्या गृहाचें जें वर्णन केलें आहे, त्यांत घर पाण्याजवळ असावें ही अट आरंभींच येते. पुढें वृक्षवाटिका, निरनिराळ्या कामांकरितां निरनिराळे विभाग आणि दोन शयनगृहें सांगितलीं आहेत. वाटिकेंत गर्द सावलींतील झोपाळा आणि फुलांनीं युक्त असा बसण्याचा ओटा असावा असें तो म्हणतो. या ओट्यास त्याचा शब्द ‘स्थण्डिलपीठिका’ असा आहे. विद्यार्थ्याच्या नकाशांतील बैठकीस जुनें नांव पाहिजेच असेल तर तें हें. मात्र ही पीठिका वाटिकेंत आहे, पाण्यावर नाहीं, एवढा भेद ध्यानांत ठेवावा.

वराहमिहिराचा पुरावा याहून कामाचा आहे, कारण तो कारागिराच्या दृष्टीनें बोलतो. ख्रिस्ती सहाव्या शतकांतील त्याच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. ज्या जलाशयाच्या कांठीं सावली नाहीं तो मनास रमवीत नाहीं, म्हणून पाण्याच्या कांठीं उपवनें करावीं, असा त्या अध्यायाचा आरंभ होतो. दोन झाडांमध्यें २० हातांचें अंतर उत्तम, १६ हातांचें मध्यम आणि १२ हातांचें अधम असें मापही त्यानें दिलें आहे. निंब, अशोक, पुन्नाग, शिरीष, प्रियंगु हीं झाडें बागेंत किंवा घराशीं प्रथम लावावीं असें तो सांगतो. त्यापूर्वींच्या उदकार्गलाध्यायाच्या शेवटीं तळ्याचा विचार आला आहे. पूर्वपश्चिम लांबलेलें तळें पाणी पुष्कळ काळ धरतें. दक्षिणोत्तर लांबलेलें धरीत नाहीं, कारण वाऱ्यानें उठलेल्या लाटा त्याचा बांध फोडतात. तसेंच करणें असेल तर कांठ लांकडांनीं किंवा दगडांनीं बळकट करावा आणि मातीचा प्रत्येक थर हत्ती-घोड्यांकडून तुडवून घ्यावा. कांठावर अर्जुन, वड, आंबा, कदंब, जांभूळ, वेत, ताड, अशोक, मोह, बकुळ हीं झाडें लावावीं, आणि एका बाजूस जादा पाणी जाण्यास दगडी वाट ठेवावी. शोभेचा विचार करणाऱ्या ग्रंथकारानें लाटेचा व बांधाचा विचार किती बारकाईनें केला आहे हें यावरून दिसून येईल.

तिसरा पुरावा काव्याचा. मेघदूतांतील यक्षाच्या घरीं पाचूच्या पायऱ्यांची वापी आहे, तिच्या कांठीं क्रीडाशैल आहे, जवळ माधवीचा मंडप आहे, आणि मोराला बसावयास सोन्याची दांडी आहे. पाचू आणि सोनें हीं कवीचीं म्हणून सोडून दिलीं तरी जी रचना उरते ती वरील दोघांशीं जुळती आहे. पाण्याकडे पायऱ्या उतरतात. बैठक पाण्याच्या वर, उंचीवर आणि सावलींत असते. दोहोंच्या मध्यें झाडें असतात. या तिन्ही साधनांत पाण्यावर बैठक काढलेली कोठेंही नाहीं.

(३)

आतां आमच्या वऱ्हाडाकडे वळूं. अचलपूर गांवाच्या पश्चिमेस हौज कटोरा या नांवाचें स्थळ आहे. वर्तुळाकार हौजाच्या मध्यभागीं अष्टकोनी मनोरा उभा असून त्याचे तीन मजले आज शिल्लक आहेत. वरचे मजले एका नबाबानें उतरवून त्यांचा माल दुसऱ्या बांधकामास नेला असें सांगतात. वास्तु बहमनी काळाची मानिली जाते. त्या सत्तेपासून फुटून फतहुल्ला इमादुल्मुल्कानें १४९० मध्यें स्थापिलेली इमादशाही १५७४ पर्यंत वऱ्हाडावर होती. सर्व बाजूंनीं पाणी आणि सर्व बाजूंनीं कमानी अशा या रचनेचा हेतु उघड आहे. वऱ्हाडचा वैशाखी वारा कोरडा असतो. तो पाण्यावरून आला म्हणजे पाण्याची वाफ करितां करितां स्वतः निवतो. पाणी हें येथें केवळ पाहण्याची वस्तु नसून घर निववण्याचें साधन आहे.

नरनाळ्यावर प्रकार निराळा आहे. तेथें राणी महाल आहे आणि शक्कर तलाव आहे. परंतु किल्ल्यावरील तळ्यांकडे पावसाचें पाणी वळविण्यासाठीं केलेल्या दगडी नाल्या पाहिल्या म्हणजे कळतें कीं तळें हें प्रथम शिबंदीच्या तहानेसाठीं होतें. महालास त्याची शोभा मिळाली ती मागाहून.

लोणारची साक्ष याहून बोलकी आहे. इतकें विशाल आणि देखणें सरोवर या प्रांतांत दुसरें नाहीं. कांठावर जुनीं देवळें आहेत. परंतु वस्ती वर, कड्याच्या माथ्यावर, गोड्या पाण्याच्या धारेच्या अंगास आहे. सरोवराचें पाणी खारट व क्षारयुक्त असल्यामुळें तेथें घर बांधण्याचें कारण कोणास पडलें नाहीं. घरासाठीं पाण्याचा कांठ निवडतांना आमच्या लोकांनीं शोभेच्या आधीं पाण्याची चव पाहिली, असें अनुमान यावरून काढल्यास तें चुकीचें होणार नाहीं.

बाळापुरास मन आणि म्हैस या नद्यांच्या कांठीं मिर्झा राजा जयसिंगाच्या नांवाची छत्री आहे. जयसिंग १६६७ मध्यें बऱ्हाणपुरास वारला. ही राहण्याची वास्तु नव्हे. तरी पाण्याकांठची मोकळी बैठक कशी असावी याचा इतका चांगला नमुना आमच्या जिल्ह्यांत दुसरा नसल्यामुळें तिचा उल्लेख करितों. चहूं बाजूंनीं मोकळी, वर छाया, आणि खालीं पूर ओळखून उचललेलें भक्कम जोतें, एवढ्या तीन गोष्टींत तिचें सर्व शास्त्र आलें आहे.

(४)

वऱ्हाडाबाहेर दख्खनेंत राजेलोकांनीं पाण्यांत बांधलेल्या महालांचीं उदाहरणें प्रसिद्ध आहेत. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील फराहबाग हा तळ्याच्या मध्यें बांधलेला अष्टकोनी दुमजली महाल, सलाबतखानाच्या हातून १५८३ मध्यें पुरा झाला. धाराशिव जिल्ह्यांतील नळदुर्ग येथें बोरी नदीवरील बांधाच्या पोटांत पाणी महाल आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ मध्यें, तो झाला. ‘नर’ आणि ‘मादी’ या नांवांच्या सांडव्यांवरून पावसाळ्यांत पाणी कोसळतें आणि आंत बसलेला मनुष्य कोरडा राहतो. पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशीं नानासाहेब पेशव्यांच्या वेळीं तळें झालें आणि त्याच्या मध्यें बेट राखून बाग केली गेली, ती सारसबाग.

या तिहींची पुढील गत पाहण्यासारखी आहे. फराहबागेचें तळें कोरडें पडलें आणि महाल माळावर उघडा राहिला. पर्वतीचें तळेंही गेलें. आतां तेथें बाग आहे, आणि ‘तळ्यांतला गणपती’ या नांवांत तेवढें तळें उरलें आहे. नळदुर्गचा महाल मात्र अजून आपलें काम करितो. कारण स्पष्ट आहे. फराहबागेस शोभेसाठीं पाणी बाहेरून आणावें लागत होतें; आणणारा गेला, पाणी गेलें. नळदुर्गास महाल हा बांधाचाच एक भाग असून बांध हा किल्ल्याच्या गरजेचा होता. ज्या पाण्यावर अनेकांचें जीवित अवलंबून असतें तें पाणी टिकतें, आणि त्याच्या आश्रयानें बांधलेली शोभाही टिकते.

(५)

राजाची गोष्ट झाली. गृहस्थाची पद्धति पाहावयाची तर वाईजवळच्या मेणवलीस गेलें पाहिजे. हें गांव नाना फडणविसांस पंतप्रतिनिधींकडून १७६८ मध्यें मिळालें. तेथें कृष्णेच्या कांठीं नानांचा सहा चौकी वाडा, त्यामागें दगडी घाट आणि घाटावर देवालयें अशी मांडणी आहे. जलाशय नसून नदी आहे, हें खरें. परंतु प्रश्न तोच आहे. इतक्या अधिकाराच्या पुरुषानें पाण्याकडे काय केलें? त्यानें पाण्यावर सज्जा काढला नाहीं, घाट बांधला. वाडा चौकांकडे तोंड करून बसला आणि नदीकांठ गांवाच्या स्नानसंध्येस, धुण्यास व गुरांस मोकळा राहिला.

यामागें धर्मशास्त्र आहे. जलाशय बांधणारानें त्याचा उत्सर्ग करावा, म्हणजे सर्व प्राणिमात्रांसाठीं त्याचें पाणी मोकळें करावें, असा विधि असून सतराव्या शतकांतील नीलकंठ भट्टानें आपल्या भगवंतभास्करांतील ‘उत्सर्गमयूख’ याच विषयास वाहिला आहे. उत्सर्ग झाल्यावर त्या पाण्यावर खणणाराची एकट्याची मालकी राहत नाहीं. जेथें खणणाऱ्याचीच ही स्थिति, तेथें कांठीं घर बांधणाऱ्यानें पाण्यापर्यंत कुंपण नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं.

घाटाचें दुसरें कारण व्यवहाराचें आहे, आणि माझ्या मतें तेंच मुख्य असावें. आमच्याकडील तळ्याची पातळी स्थिर नसते. भाद्रपदांत तुडुंब असलेलें पाणी वैशाखांत पुष्कळ खालीं व पुष्कळ दूर जातें. भरल्या पातळीस धरून केलेला सज्जा वर्षांतून तीन चार महिने चिखलावर लोंबत राहील. पायरीचें तसें नाहीं. पाणी कोठेंही असो, कोणती तरी पायरी त्यास भिडलेली असतेच. जेथें पाण्याची पातळी बारमास सारखी राहते अशा देशांत फळ्यांचा सज्जा सोईचा होय. पावसाळी देशानें आपल्यासाठीं पायरी शोधून काढली.

(६)

आतां घराच्या अंगांचा विचार. आमच्या वऱ्हाडी वाड्यांत रस्त्याकडून आंत येतांना प्रथम ढाळज, मग चौक, चौकाभोंवतीं ओसरी किंवा सपरी, पलीकडे माजघर, आणि शेवटीं परसू असा क्रम असतो. या सर्वांत उघड्यावरच्या जागा तीन आहेत आणि तिघींचीं कामें निरनिराळीं आहेत.

ओटा हा बाहेरच्या माणसांचा. येणारा जाणारा तेथें टेकतो. त्यास घरांत घ्यावें लागत नाहीं. घराचें जोतें उंच आणि त्यास लागून ओटा, त्यामुळें पुराचें वा पावसाचें पाणी उंबऱ्यास लागत नाहीं. चौक हा घरच्या माणसांचा. तो आभाळाकडे उघडा व वाऱ्यास चारी बाजूंनीं बंद असतो. रात्रीं त्यांत थंडावा सांचतो आणि भिंतींच्या सावलीमुळें दुपारपर्यंत टिकतो. तुळशीवृंदावन, वाळवणें, मुंजी, बारशीं हें सर्व येथें. परसू हें घरच्या बायकांचें व झाडांचें: आड, न्हाणी, न्हाणीच्या पाण्यावर केळ व अळू, पलीकडे लिंबू, शेवगा, कडुनिंब. हिरवळ नांवाची वस्तु या रचनेंत नाहीं, कारण पाणी शेंदून आणणारा मनुष्य तें फळ देणाऱ्या झाडासच घालतो.

एक गोष्ट मातीची. वऱ्हाडची काळी जमीन पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर नुसती फरशी बसविली तर दोन वर्षांत ती उचलते. म्हणून जुने गवंडी काळी खोल उकरून काढीत, खड्डा मुरमानें भरून पाणी मारून चोपीत, आणि मग चुन्यांत फरशी बसवून तिला घराकडून बाहेर उतार देत. तळ्याच्या कांठीं तर ओल खोलवर शिरते. तेथें ही काळजी दुप्पट पाहिजे. गांवठाणास ‘पांढरी’ म्हणतात आणि शेतास ‘काळी’. घर पांढरींत व पीक काळींत, हा भेद आमच्या लोकांनीं शब्दांतच करून ठेवला आहे.

दिशेचाही विचार हवा. पाणी घराच्या पूर्वेस असेल तर पूर्वेकडील ओट्यावर तिसऱ्या प्रहरीं घराचीच सावली पडते. पाणी पश्चिमेस असेल तर उतरतें ऊन पाण्यावरून परतून डोळ्यांत येतें. तेथें वराहमिहिराचें ऐकून वीस हातांवर झाडें लावावीं आणि त्यांच्या सावलींत बसावें.

(७)

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष मीं विद्यार्थ्यास असा सांगितला. घराचें जोतें व ओटा भरल्या पातळीच्या पुष्कळ वर आणि मागें घ्यावा. फरसबंद बैठक घराच्या पुढें काढण्यापेक्षां घराच्या पोटांत चौक म्हणून घ्यावी. पाण्याकडे पायऱ्या कराव्या, आणि कांठ बांधूं नये; तेथें अर्जुन, जांभूळ व कदंब लावून त्याखालून लोकांची व गुरांची वाट राहूं द्यावी. त्यानें यांतील बहुतेक मानिलें. फळ्यांचा सज्जा मात्र त्यास सोडवेना. तो त्यानें ओट्याच्या पुढें, कोरड्या जमिनीवर घेतला आहे. असो. घर त्याचें आहे.

राहिला दुसरा प्रश्न. त्याच्या मूळ गांवच्या वाड्यांत कोणी राहत नाहीं. तो उतरवून त्याचे सागवानी खांब नव्या घराच्या ओसरीस लावावे असा त्याचा विचार होता, आणि ‘गुरुजी, तुम्ही एकदां येऊन पाहा’ असें त्याचें म्हणणें होतें. मला तत्काळ हौज कटोऱ्याचे उतरलेले मजले आठवले. आणि त्याहून जवळची, माझ्या स्वतःची एक गोष्ट आठवली.

मी शिक्षक असतांना एका गांवीं तळ्याकांठचा जुना वाडा पाडला जात होता. अंगणांत रुमालांचा ढीग पडला होता. मालकानें मला हवें तें नेण्यास सांगितलें. मी संस्कृताचा मनुष्य. त्यांतील तीन पोथ्या उचलल्या, आणि बाकीचे मोडी कागद ‘हिशेबाचे’ म्हणून तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशीं गेलों तों ते न्हाणीच्या चुलींत गेले होते. त्या तीन पोथ्यांच्या प्रती अन्यत्र पुष्कळ ठिकाणीं आहेत असें मला पुढें कळलें. त्या घाटाच्या पायऱ्या कोणीं घातल्या, गवंड्यास काय दिलें, चुना कोठून आला, पुरानें ओटा कधीं खचला, हें सांगणारे कागद असले तर ते त्या ढिगांतच असले पाहिजेत. आणि त्यांची दुसरी प्रत जगांत कोठेंही नव्हती. मेणवलीचें दप्तर राहिलें आणि पारसनिसांसारख्यांच्या हातीं आलें, म्हणून नानांचा काळ आपणांस इतक्या बारकाव्यानें दिसतो. लहान घराचें दप्तर लहान असतें, एवढाच काय तो फरक. या चुकीचा दोष दुसऱ्या कोणाकडे नाहीं; तो माझा आहे.

म्हणून मी त्या वाड्यांत गेलों. विद्यार्थी व मी मिळून दोन दिवस टेप धरून चौक, ओसरी, ढाळज, परसू यांची मोजणी केली, प्रत्येक खांबास नकाशांत आंकडा दिला, आणि गांवांतील वृद्ध स्त्रियांस विचारून प्रत्येक जागेचें तेथील नांव लिहून घेतलें. माजघराच्या दिवळींत दोन रुमाल निघाले. एकास वाळवीनें खालून पोखरलें आहे. दुसरा बरा आहे. खांब काढण्याचें त्यानें तूर्त थांबविलें आहे. रुमाल माझ्याजवळ असून या वयांत मोडी नव्यानें गिरवून मी ते वाचीत आहें. वाचन अद्याप पुरें झालेलें नाहीं.

वाचकांस विनंती एवढीच. आपापल्या गांवीं नदीच्या वा तळ्याच्या कांठीं जे जुने वाडे उभे असतील, त्यांचीं चौक, ओटा, घाट व परसू यांचीं मापें आणि त्या त्या जागांचीं स्थानिक नांवें टिपून ठेवावीं. वाडा उतरत असेल तर खांबांच्या आधीं दिवळ्या, फडताळें व माळे पाहावे. पोथी व हिशेब यांत निवड करूं नये, दोन्ही उचलावीं. कागद कोरड्या जागीं, जमिनीपासून उंच, स्वच्छ कापडांत बांधून ठेवावे आणि पावसाळ्यानंतर एकदां सोडून पाहावे. पाण्याकांठच्या घराचा इतिहास पाण्यानें फारसा बुडविलेला नाहीं. बहुतेक ठिकाणीं तो चुलींत गेला आहे, आणि जेवढा गेला नाहीं तेवढा राखणें आपल्या हातांत आहे.